ठिपक्यांचा पत्ता

आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतली कोरफड अकरा वर्षं कोरफड होती. बाराव्या वर्षी तिला फूल आलं आणि ती कोरफड राहिली नाही.

तोवर तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून आणलेली. तिथल्या पोराने ‘ॲलोव्हेरा, घरगुती, औषधी’ अशी तिन्ही विशेषणं एका दमात सांगून कुंडी हातात दिली होती. पानं गडद हिरवी, बुडाशी चांगली रुंद, आणि त्यांच्यावर पांढुरके लांबट ठिपके आडव्या ओळींनी बसलेले. कुणी घाईघाईत रांगोळीचे ठिपके काढावेत आणि रेघा ओढायच्या राहून जाव्यात, तसे. कडेचे तपकिरी काटे असे की वाळत घातलेली ओढणी दर आठवड्याला त्यांत अडकायची. ‘गावठी आहे, म्हणून काटे,’ असा आईचा निर्वाळा होता. एकदा खोकल्यावर तिने तिचा गर हळदीबरोबर घेतला. दुसरा दिवस पोट धरून काढला आणि दोष आदल्या रात्रीच्या श्रीखंडाला दिला. पान कापल्यावर हात धुताना मात्र ती म्हणाली होती, “अगं, साबण न लावता फेस कसा येतोय?” तिच्या ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला घरात कुणाला वेळ नव्हता. सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता, हे मला फार उशिरा कळलं.

मग डिसेंबरात दांडा वर आला. त्याला फांद्या फुटल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला फुलांचं एक सपाट ताट तयार झालं. रंग शेंदराकडे झुकणारा केशरी. गुहागरकडच्या आमच्या आजोळी गडग्याच्या कडेने कोरफड माजलेली असे. तिची फुलं मी लहानपणापासून पाहिली होती. ती पिवळी असत, आणि ताटासारखी नव्हे, कणसासारखी उभ्या दांड्यावर लोंबत. गॅलरीतलं हे प्रकरण निराळं होतं. माझ्याकडे फोटो होते, कुतूहल होतं, आणि योगायोगाने डर्बनच्या बंदरात नोकरी करणारा भाचा होता. तो दोन वर्षं ‘मावशी, ये’ म्हणत होता. गेल्या जुलैत गेले.

इतक्या लांब जाण्याचं कारण सोपं आहे. कोरफडीच्या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि भारतात मुळातली म्हणावी अशी त्यांतली एकही नाही. आपली औषधी कोरफडसुद्धा पाहुणीच. ती अरबस्तानातून आली असावी असा अलीकडच्या जनुकीय अभ्यासाचा कौल आहे. पण ती येऊन इतकी शतकं झाली, की आपण तिला कुमारी म्हणतो, तिचं कुमारी आसव करतो, तिचा रस आटवून केलेला काळा बोळ काष्ठौषधीच्या दुकानात मागतो आणि दृष्ट लागू नये म्हणून तिला दारावर उलटी टांगतो. ती तिथे मातीपाण्याशिवाय महिनोन्‌महिने जगते, कधी तर टोक वळवून वर बघू लागते. आता तिला पाहुणी कोण म्हणेल?

ठिपकेवाल्या कोरफडींचा गोतावळा मात्र आफ्रिकेतला. चाळीसेक जाती, त्यांचं मुख्य माहेर दक्षिण आफ्रिका आणि तिच्या शेजारचे देश. डचांच्या बोलीतून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेत त्यांतल्या सर्वांत पसरलेल्या जातीला ‘बॉन्टआल्व्हेन’ म्हणतात, म्हणजे चित्रविचित्र कोरफड. सोथो लोक ‘लेखाला’ म्हणतात. झुलूत नाव आहे ‘इचेना’, पण हे मी लिहिलं तसं ते उच्चारलं जात नाही. मधला ‘च’ जिभेचं टोक दातांमागे लावून चटकन सोडायचा असतो. देवनागरीला तो लिहिता येत नाही, पण आपल्या तोंडाला तो पाठ आहे. कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं की आपण ‘च्‌ च्‌’ करतो ना, तोच आवाज. भाच्याच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी मला तो शिकवायचा प्रयत्न केला. मला तो एकटा जमला, शब्दाच्या पोटात बसवता आला नाही. त्या हसून हसून बेजार.

वनस्पतिशास्त्रातलं नाव ‘ॲलो मॅक्युलाटा’. मॅक्युला म्हणजे लॅटिनमध्ये ठिपका किंवा डाग. मोतीबिंदूच्या वयातल्या मंडळींनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडद्यावरचा ‘मॅक्युला’ ऐकला असेल, तोच हा शब्द. हे नाव १७७३ मध्ये कार्लो ॲलिओनी ह्या इटालियन वनस्पतिज्ञाने दिलं, आणि तेही ट्युरिन शहरातल्या बागेतल्या झाडाला. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं केपटाउनला थांबा घेऊन युरोपात परतत तेव्हा मसाल्याबरोबर रोपंही जात. कोरफड तर पाण्यावाचून महिनेच्या महिने तग धरणारी, सागरी प्रवासासाठीच जन्माला आल्यासारखी. अठराव्या शतकात अशा बागांची सचित्र पुस्तकं निघाली. लंडनजवळच्या एल्टहॅम इथल्या बागेवर डिलेनियसने १७३२ मध्ये काढलेले दोन जाडजूड खंड त्यांतलेच. चित्रं बारकाव्यांनी भरलेली, पान न्‌ पान मोजलेलं. नाही ती एकच गोष्ट. झाड आफ्रिकेत नेमकं कुठल्या टेकडीवर, कुठल्या मातीत उगवलं होतं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

पुढे इंग्लंडमध्ये ॲड्रियन हॉवर्थने १८०४ मध्ये ह्याच झाडाला ‘ॲलो सापोनारिया’ म्हटलं. सापो म्हणजे साबण. ह्या कोरफडीच्या पानाचा रस पाण्यात चोळला की फेस येतो आणि तिथले लोक तो धुण्याला वापरत. हे नाव इतकं रुजलं की जग पुढची दीडशेहून अधिक वर्षं तिला सापोनारियाच म्हणत राहिलं. काही नर्सऱ्या आजही म्हणतात. पण वनस्पतींच्या नामकरणाचा नियम कोर्टातल्या खातेउताऱ्यासारखा आहे, जुनी नोंद जिंकते. ॲलिओनीचं नाव आधीचं म्हणून मॅक्युलाटा राहिलं आणि साबणाचं नाव मागे पडलं. मला विचाराल तर हे वाईट झालं. साबण हा त्या झाडाचा गुण होता. ठिपका हा नुसता वेश आहे, आणि तोही फसवा.

फसवा कसा, ते मला पीटरमॅरिट्झबर्गला कळलं.

डर्बनहून निघालं की एन-थ्री महामार्ग चढू लागतो. उसाचे मळे मागे पडतात, हवा कोरडी होते, आणि तासाभरात आपण सहाशे मीटरवर असतो. ह्याच वाटेने रेल्वेही जाते. ७ जून १८९३च्या रात्री पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं होतं. जून म्हणजे तिथला हिवाळा. थंडीने काकडत ती रात्र त्यांनी काढली, कारण ओव्हरकोट सामानात होता आणि सामान मागायला जाणं म्हणजे पुन्हा अपमान. स्टेशनात पाटी आहे, लोक फोटो काढतात. मला मात्र तिथे गोखले आठवले. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले तेव्हा जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि थोड्या महाराष्ट्रीय हिंदूंची सभा होती. गोखले इंग्रजीत बोलणार होते. गांधीजींनी हट्ट धरला की मराठीत बोला, मी हिंदीत सांगतो. तुमचं हिंदी किती ते मला ठाऊक आहे, आता मराठीचाही अनुवाद करणार का, अशी गोखल्यांनी थट्टा केली. पण ते मराठीतच बोलले आणि परतीच्या प्रवासात झांझिबारपर्यंत अशा सभांतून मराठीच बोलत गेले. आमच्याच रत्नागिरी-रायगडकडची ती माणसं होती. केपटाउनमध्ये त्यांचे वंशज अजून ‘कोकनी’ म्हणवतात. माणसाला पत्ता सांगता आला की तो कुणाचा ते कळतं. विषयांतर झालं खरं, पण फार लांबचं नाही.

पीटरमॅरिट्झबर्गला ज्यांना भेटायचं होतं त्या निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. १८६० मध्ये ‘ट्रुरो’ जहाजाने मद्रासहून पहिले गिरमिटिये डर्बनला आले. त्यानंतरच्या कुठल्याशा जहाजातून त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यावर आले. घरात आता तमिळ कुणाला येत नाही. तिथल्या भारतीयांत वडीलधाऱ्या बाईला सरसकट ‘आंटी’ म्हणतात. भाच्याने ओळख करून दिली तीही ‘आंटी’ अशीच, म्हणून इथेही तेच. गळ्यात घडीचं भिंग, खिशात सहा इंची पट्टी, एक वही, डोक्यावर क्रिकेटच्या अंपायरसारखी टोपी. चाळीस वर्षं सुटीच्या दिवशी डोंगर तुडवलेली बाई.

मी मोबाइल पुढे केला. डोंबिवलीच्या कुंडीचे आठ फोटो होते, सगळे पानांचे. त्यांनी एक बघितला आणि मोबाइल परत दिला.

“हे ठिपके आहेत,” त्या म्हणाल्या. “झाड कुठे आहे?”

मला वाटलं त्या गंमत करतायत. तसं नव्हतं. झाड कुठे आहे, म्हणजे कुठल्या जिल्ह्यात, किती उंचीवर, उताराच्या कुठल्या बाजूला, खडकावर की गवतात, पाऊस उन्हाळ्यात पडतो की हिवाळ्यात. त्यांच्या हिशेबी ओळख तिथून सुरू होते. ठिपके शेवटी बघायचे आणि फार विश्वास न ठेवता बघायचे.

कारण ठिपका एकाच झाडावर बदलतो. कोवळेपणी दाट, म्हातारपणी विरळ. सावलीत पान हिरवंगार आणि ठिपके अंधुक, तेच उन्हात तापलं आणि पाण्याची ओढ बसली की पान तांबूस होतं आणि ठिपके उठून दिसतात. आपल्या औषधी कोरफडीच्या पिल्लांनाही ठिपके असतातच. सिंहाच्या छाव्याच्या अंगावर असतात आणि मोठेपणी पुसट होतात, तसे. कोरफडीच्या काही प्रकारांत तर ते मोठेपणीही टिकतात. नर्सरीतल्या निम्म्या घोटाळ्याचं मूळ हेच. उलट ठिपकेवाल्यांच्या गोतावळ्यात ‘ॲलो सिमी’ नावाची एक जात आहे, तिच्या दुधट हिरव्या पानांवर ठिपका औषधालाही सापडत नाही. तरी ती ह्याच कुटुंबातली. थॉमस सिम ह्या वनअधिकाऱ्याच्या नावाची ही जात पूर्वेकडच्या साबी आणि व्हाइट रिव्हर भागातल्या दमट, पाणथळ उतारांवर राहायची. तिथे लाकडासाठी झाडांची लागवड झाली, शेती झाली, गावं वाढली. आज ती नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. तिला शोधायला गेलेल्याने ठिपके बघत बसायचं ठरवलं, तर ती समोर असून दिसणार नाही.

“मग कुटुंब ओळखायचं कशावरून?”

“फूल फाडून.”

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉविककडे निघालो. हॉविक हजारेक मीटरवर आहे. गावातच उमन्गेनी नदी पंचाण्णव मीटरची उडी घेते आणि पर्यटक ती बघून परत फिरतात. आम्ही धबधब्याच्या पुढच्या माळांवर गेलो. जुलैतला तो माळ म्हणजे आपला एप्रिलातला पठारी माळ. गवत वाळून सोनेरी झालेलं, कुठे कुठे शेतकऱ्यांनी काढलेल्या जाळरेषांचे काळे पट्टे. फरक एवढाच की सकाळी त्या गवतावर दव गोठून पांढरं झालेलं होतं आणि माझे दात वाजत होते. पावसाळा तिथे आपल्या हिवाळ्यात असतो. झाडं त्या पाण्यावर पानं भरून घेतात आणि कोरड्या थंडीत फुलतात, आजूबाजूला दुसरं काही फुललेलं नसताना.

मला वाटलं होतं जंगली कोरफड म्हणजे चित्रातलं वाळवंट, उंच दांडगी झाडं. तशा जाती आहेतही, ‘ॲलो फेरॉक्स’ तर माणसाच्या दुप्पट उंच वाढते. ही मात्र गवतात बुडालेली होती. पन्नास पावलांवर फक्त केशरी ताटं दिसत होती, जणू गवतावर कुणी आरत्या मांडून ठेवल्यात. जवळ जाऊन गवत बाजूला केल्यावर खाली पानांची चक्राकार गादी दिसली, जमिनीला टेकलेली, खोड असं नाहीच. टोकं वाळून पिळवटलेली. आणि ते ठिपके. काही सुटे, काही जोडले जाऊन इंग्रजी एच अक्षरासारखे. पान उलटून बघितलं तर खालची बाजू फिकट, बिनठिपक्यांची. काटा किती कडक, ते बोटाला कळलं.

आंटींनी खुडलं काही नाही. तिथे रानातली कोरफड खुडायलासुद्धा परवाना लागतो. गाईगुरांनी तुडवलेल्या एका दांड्याखाली पडलेलं फूल त्यांनी उचललं, नखाने उभं चिरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. फूल म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटरची नळी, सहा पाकळ्यांची, बाहेरच्या तीन एकमेकींना चिकटलेल्या. नळीच्या बुडाशी गोल फुगवटा, बीजकोश त्याच्या आत बसलेला. फुगवट्याच्या वर नळी एकदम आवळली जाते, कमरेला करगोटा बांधल्यासारखी, आणि तोंडाकडे पुन्हा थोडी रुंदावते. ही कंबर म्हणजे ह्या कुटुंबाची ओळख. पानावर ठिपके असोत नसोत, फुलाला कंबर असेल तर ती ठिपकेवाल्यांतली. औषधी कोरफडीच्या फुलाला अशी कंबर नसते, ते सरळसोट. गुहागरच्या गडग्यावर मी शेकडो फुलं ओरबाडून त्यांतला मध चोखला होता. एकही उभं चिरून बघायचं सुचलं नव्हतं.

कुटुंब ठरलं. आता त्यातली कोण? इथे फुलोऱ्याचा आकार कामी येतो. मॅक्युलाटाच्या फुलोऱ्यात खालच्या फुलांचे देठ लांब आणि वरच्यांचे आखूड, त्यामुळे सगळी फुलं एका पातळीला येतात आणि डोकं सपाट होतं. हेच ते ताट. उत्तरेकडे प्रिटोरियाच्या आसपासच्या ‘डेव्हियाना’चं डोकं शंकूसारखं निमुळतं. ‘ग्रँडिडेंटाटा’चं फूल तोंडाकडे गदेसारखं जाड. ‘प्रुइनोसा’ तर पीटरमॅरिट्झबर्गच्याच काटेरी रानातली, तिच्या दांड्यावर आणि फुलांवर पिठूळ लेप असतो, बोट लावलं की निघणारा, द्राक्षावर असतो तसा. ती उन्हाळ्याच्या शेवटी फुलते. म्हणजे जुलैत फुललेलं झाड दिसलं की त्या यादीतून एक नाव आपोआप गळतं. फुलण्याचा महिना हाही पत्त्याचाच भाग.

पण मॅक्युलाटा स्वतः ह्या शिस्तीत बसत नाही. ती केपच्या द्वीपकल्पापासून किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेकडे, तिथून लेसोथोच्या डोंगरांत, पुढे एम्पुमलांगात आणि एकदम तुटून झिम्बाब्वेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत अशी पसरली आहे. समुद्राच्या वाळूपासून हिमाच्या माऱ्यापर्यंत. केपला पाऊस हिवाळ्यात, इथे उन्हाळ्यात. त्यामुळे कुठे ती थंडीत फुलते, कुठे ऐन उन्हाळ्यात. रंग पिवळ्यापासून लालसर गुलाबीपर्यंत. कुठे एकटी राहते, कुठे पिल्लं घालून वाफा भरून टाकते. सपाट डोकं मात्र बहुतेक ठिकाणी टिकून.

ह्या सगळ्या गुंत्याची पहिली नीट मांडणी ज्याने केली तो माणूस वनस्पतिज्ञ नव्हता, ह्याचं मला फार बरं वाटतं. गिल्बर्ट वेस्टकॉट रेनॉल्ड्स, ऑस्ट्रेलियात जन्मलेला, जोहान्सबर्गमध्ये चष्म्यांचा धंदा करणारा. दुकान सांभाळून तो मोटारीने देशभर कोरफडी शोधत हिंडला. १९५० मध्ये त्याचं दक्षिण आफ्रिकेच्या कोरफडींवरचं पुस्तक निघालं, त्याला प्रस्तावना जनरल स्मट्स यांची. पुढे उष्णकटिबंधीय आफ्रिका आणि मादागास्करमधल्या कोरफडींवर दुसरा ग्रंथ, १९६६ मध्ये. लोकांचे नंबर तपासणारा हा माणूस दर झाडापाशी पट्टी घेऊन बसायचा, देठाची लांबी, काट्यांमधलं अंतर, बुडाचा फुगवटा मोजायचा, आणि मुख्य म्हणजे जागा लिहून ठेवायचा. एल्टहॅम आणि ट्युरिनच्या बागांनी जे लिहिलं नाही, ते त्याने लिहिलं.

त्याच्या काळात दिलेली नावं वाचली की टपाल खात्याचं रजिस्टर वाचल्यासारखं वाटतं. ‘मुडेनेन्सिस’ म्हणजे मुडेन गावची. ‘उम्फोलोझिएन्सिस’, उम्फोलोझी नदीकाठची. ‘बर्गर्सफोर्टेन्सिस’, बर्गर्सफोर्टची. ‘ब्रँडड्राइएन्सिस’, ब्रँडड्राइची. आपल्याकडच्या आडनावांसारखंच, गुहागरकर, मुरूडकर, साताऱ्याहून आला तो सातारकर. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांतली काही नावं एकमेकांत मिसळली, काही पुन्हा वेगळी काढली, कारण ही मंडळी सीमेवर एकमेकांशी सहज संकर करतात आणि त्यांच्या जनुकांतला फरकही इतका थोडा की त्यावरून हद्द आखणं अवघड जातं. दोन गावांच्या मधल्या माळावर उगवलेलं झाड कुणाचं, हा वाद अजून चालू आहे. आपल्याकडे निदान तलाठी असतो.

हॉविकच्या माळावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. ऊन वर आल्यावर शिंजीर आले. एक नर हिरव्या धातूच्या झळाळीचा, लांब शेपटीचा, दांड्यावरच बसून एकेका फुलात चोच घालत होता. त्याच्या कपाळावर पराग पिवळे दिसत होते. बहुतेक कोरफडींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या रोपाचा लागतो. हे ऐकलं आणि गॅलरीतलं एक जुनं कोडं सुटलं. आमच्या कुंडीतल्या झाडाला त्या डिसेंबरनंतर दर वर्षी फुलं येतात, पण एकही बोंड कधी धरलेलं नाही. डोंबिवलीत तिला जोडीदार नाही. असलीच तर तिच्याच बुडातून निघून शेजाऱ्यांकडे गेलेली पिल्लं, म्हणजे तीच ती.

ठिपकेवाल्या कोरफडींचं मधाशी नातं बघायचं तर उत्तरेला प्रिटोरियाकडे जावं लागतं. मी गेले नाही, दिवस नव्हते. पण ती गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही. तिथल्या डेव्हियानाने माळच्या माळ व्यापलेले आहेत, विशेषतः जिथे गुरांनी गवत अती खाल्लं तिथे. कडू पानाला गुरं तोंड लावत नाहीत, मग गवत हटतं आणि ती पसरते. भरपूर डेव्हियाना दिसली की समजावं, हा माळ थकला आहे. पण मधपाळांना तोच माळ सोन्याचा. जून ते ऑगस्टच्या कोरड्या थंडीत दुसरीकडे फूल नसतं तेव्हा इथे मकरंद वाहतो, परागही प्रथिनांनी भरलेला. ट्रक भरभरून मधपेट्या दर हिवाळ्यात तिथे येतात, पोळी पुष्ट होतात. मध फिका, लवकर रवाळ होणारा. पेट्यांची ही जत्राच म्हणायची.

आणि जत्रेत साथ पसरते. १९९० मध्ये दक्षिणेकडच्या केप मधमाश्यांच्या पेट्या उत्तरेत आणल्या गेल्या. केप मधमाशीच्या कामकरी माश्यांची एक विलक्षण खोड आहे. नराशिवाय त्या अंडी घालतात आणि त्या अंड्यांतून माद्याच जन्मतात, आईच्या जवळजवळ हुबेहूब नकला. आपल्या मुलखात हे निभून जातं. उत्तरेच्या माश्यांच्या पोळ्यात शिरल्यावर मात्र ह्या कामकरणी कामाला हात लावीनात. अंडी घालायची, आयतं खायचं, आणि पोळं बसलं की शेजारच्या पेटीत जायचं. कोरफडीच्या माळावर पेट्या खेटून ठेवलेल्या, त्यामुळे शेजार लांब नव्हता. एकाच माशीच्या वंशाने हजारो पोळी बसवली. तो उपद्रव अजून संपलेला नाही. माशीही तीच होती, फूलही तेच, चुकली ती फक्त जागा. आंटी हे सांगताना माझ्या मोबाइलकडे बघत होत्या असा मला भास झाला.

परत येताना विचारलं, की एखादं पिल्लू नेता येईल का, घरच्या झाडाला सोबत म्हणून. त्यांनी मान हलवली. वन्य जिवांच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या यादीत कोरफडीचं अख्खं कुळ आहे, कागदपत्रांवाचून सीमा ओलांडायची नाही. त्या कुळातली फक्त एक जात त्या यादीतून वगळली आहे, ती म्हणजे आपली गडग्यावरची औषधी कोरफड. इतकी वर्षं माणसाच्या मागे हिंडली, की तिचं रानच उरलं नाही. रान नसलेल्याला संरक्षण कशाचं देणार?

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेताना मी फुलांचे फोटो दाखवले. आईला सांगून भाच्याच्या बायकोमार्फत मागवले होते. फूल नखाने उभं चिरून, खाली आईची दहा रुपयांची नाणी मापाला ठेवून. आंटींनी चष्मा काढून, मोबाइल डोळ्यांशी नेऊन बराच वेळ पाहिलं. फुगवटा होता. कंबर होती. डोकं सपाट होतं. रसाला फेस येतो, हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली.

“मॅक्युलाटाच्या घरातली. बहुतेक मॅक्युलाटाच. पण बागेतल्या झाडांत संकर फार, आई कोण बाप कोण सांगता येत नाही. कुठून आणलं?”

“नर्सरीतून.”

“त्याआधी?”

मी गप्प. नर्सरीवाल्याने कुणाकडून पिल्लू घेतलं, त्याने कुणाकडून, कुठल्या बागेतून, कुठल्या बोटीने, आणि त्या बोटीत चढण्यापूर्वी ते कुठल्या टेकडीवर बसलेलं होतं. हजार मीटरवरच्या गोठलेल्या गवतात, की समुद्रकाठच्या वाळूत.

आईला फोन लावला, स्पीकरवर. तिला एवढंच सांगितलं की ही आपली कोरफड नव्हे, पोटात घ्यायची नाही.

“मग तेव्हा श्रीखंडाचा काही दोष नव्हता तर,” आई म्हणाली. “आणि फेस?”

“तिकडे हिचा साबण करतात.”

“बघ, मी म्हटलं होतं.”

आंटींना मराठी कळत नव्हतं, पण ‘साबण’ त्यांनी बरोबर पकडला. त्यांनी वही उघडली, नवं पान घेतलं. तारीख लिहिली. नाव लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. मग ठिकाण. मी डोंबिवलीची अक्षरं एकेक करून सांगितली. समुद्रसपाटीपासून उंची? फार नाही, पण त्यात तीन मजले मिळवा, मी म्हणाले. त्यांनी ते न हसता लिहिलं.

“अधिवास?”

“गॅलरी. पूर्वेकडे तोंड. दुपारनंतर आमच्याच इमारतीची सावली.”

“माती?”

मी फोनमध्ये आईला विचारलं. लाल माती, थोडं शेणखत, आणि बुडाशी फुटक्या कपाचे तुकडे, आई म्हणाली. तेही वहीत गेलं.